झिजलेल्या कोब्याला नवा थर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवी यत्तेपर्यंतचे. मागील वर्षी याच जागेवर आरोग्यावर भाषण झाले, त्याच्या आधी बचतीवर झाले. मी विषय निवडला तो पायाखालचा. घरापुढचे खळे, मागील दारची मोरी, विहिरीभोवतालचा ओटा आणि दाराच्या पायऱ्या, या ठिकाणचा सिमेंटचा कोबा झिजला म्हणजे काय करावे, हा तो विषय. विषय ऐकून काही जणींना हसू आले, ते मी पाहिले. हे गवंड्याचे काम, बायकांना त्याचे काय, असे मनात आले असेल. त्याचेच उत्तर मला आज द्यावयाचे आहे.

भगिनींनो, जमिनीला नवा थर देणे हे मुळात आपलेच काम होते. आपल्या कोकणात पावसाळा संपला की खळे करीत. सासूबाई सांगतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास जुनी उखणलेली माती खरवडावयाची, पाणी शिंपडून ती भिजवावयाची, वर नवी माती घालून चोपण्याने चोपावयाची आणि मग शेणाने सारवावयाचे. हे सगळे घरातल्या बायका करीत. कोरड्या मातीवर सारवण घातले तर त्याच्या पापड्या निघतात हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. खालची जमीन स्वच्छ हवी, खरखरीत हवी आणि ओली हवी, तरच वरचा थर धरतो. एवढे तीन शब्द त्या जाणत होत्या.

पुढे सिमेंट आले. ज्याला पोर्टलंड सिमेंट म्हणतात त्याचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली घेतले. आपल्या देशात पोरबंदरला १९१४ साली कारखान्यात सिमेंट निघू लागले. खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत ते यावयास फार वर्षे गेली. आमच्या घरचा कोबा १९७९ सालचा. तेव्हा सिमेंट परमिटावर मिळे. मामंजींनी त्या कागदासाठी तालुक्याला किती खेपा घातल्या ते सासूबाई अजून मोजून सांगतात. सरकारी नियंत्रण १९८२ साली थोडे सैल झाले आणि १९८९ साली पुरते उठले, तेव्हा कुठे गोणी दुकानात जाऊन आणता येऊ लागली. कोबा आला, शेणसारवण गेले, बायकांची कंबर सुटली. ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु सारवणाबरोबर जमिनीविषयीची आपली जाण आणि आपला शब्दही गेला. कोबा गवंड्याचा झाला आणि आपल्याकडे राहिले फक्त त्यावर पाणी मारणे. ते का मारावयाचे, हेही आपणास कोणी सांगितले नाही.

झिजलेला कोबा नुसता दिसावयास वाईट असता तर मी आज उभी राहिले नसते. आमच्या पुढील दारच्या तीन पायऱ्यांपैकी मधली पायरी झिजून तिला खळगा पडला होता. त्यात पाणी साचे, पाण्यावर शेवाळ धरे. काही वर्षांपूर्वी ऋषिपंचमीच्या सकाळी सासूबाई तिच्यावरून घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. सहा महिने त्या अंथरुणावर होत्या. तुळशीला पाणी घातल्यावाचून ज्यांनी चाळीस वर्षांत चहा घेतला नाही, त्यांना तुळस खिडकीतून पाहावी लागली. म्हाताऱ्या माणसाचे एक पाऊल चुकले की घराचे वर्ष चुकते, हे आपणांपैकी पुष्कळ जणींनी आपापल्या घरी पाहिलेले आहे.

त्यानंतरच्या चैत्रात एका ठेकेदाराने आमच्या पायऱ्या आणि खळे नवे करून दिले. झाडून घेतले, वर अर्धा इंच माल ओढला, कोरडे सिमेंट भुरभुरून आरशासारखे घोटले आणि तिसऱ्या दिवशी पैसे घेऊन ते गेले. दिसावयास फार सुरेख झाले. पुढल्या गणपतीत त्याचे पापुद्रे हाताने उचलून घमेल्यात भरता येत होते. शिवाय घोटलेला भाग पावसात पूर्वीपेक्षा अधिक निसरडा झाला.

आमच्या वाडीत एक आक्का आहेत. पंचवीस वर्षे त्यांनी गवंड्यांच्या हाताखाली घमेली वाहिली. माल कालवला, पाणी मारले, टोचे मारले, पण थापी कधी कोणी त्यांच्या हाती दिली नाही. त्या एकदा ताक न्यावयास आल्या, पायऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “वहिनी, हा थर खालच्याला चिकटलाच न्हाय. हातोडी आणा, ठोकून बघा.” बाजारातून मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना? तसेच त्यांनी सगळे खळे वाजविले. जिथे थर धरला होता तिथे खणखणीत आवाज आला, जिथे सुटला होता तिथे बद्द आवाज आला. अर्ध्या तासात त्यांनी खडूने सारा नकाशा काढून दिला. त्या दिवसापासून मी त्यांना आमच्या घरच्या इंजिनिअर म्हणते. पुढचे मी जे सांगणार आहे, त्यातले पुष्कळसे त्यांचे आणि काही माझ्या थोरल्या मुलीचे, जी तंत्रनिकेतनात स्थापत्याची पदविका करते.

आता कामाचे बोलते.

पहिली गोष्ट, दुखणे वरचे की आतले ते ओळखावे. कोबा नुसता झिजला आहे, खडी उघडी पडली आहे, लहान खळगे आहेत, तर नवा थर देता येतो. परंतु खालची माती खचून कोबा हलत असेल, मोठ्या भेगा पडून दोन बाजू खालीवर झाल्या असतील, तर तेवढा भाग काढून खालून भर घालून पुन्हाच करावा लागतो. आणि गच्ची किंवा जिन्याच्या स्लॅबखालून तांबूस डाग, सुटलेले पोपडे, उघडी सळई दिसत असेल, तर तिथे वरून थर देणे म्हणजे तापलेल्या माणसाला नवे लुगडे नेसविणे. सळई गंजली की गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. तिथे जाणत्या इंजिनिअरलाच बोलवावे. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. शंभर चौरस फुटांवर एक इंच थर म्हणजे सुमारे पाचशे किलो वजन. जमिनीवरच्या खळ्याला त्याचे काही नाही, पण जुन्या गच्चीवर विचारल्याशिवाय हे ओझे चढवू नये.

दुसरी गोष्ट, उंची. नवा थर एक इंचाचा झाला की खळे एक इंच वर येते. मग पाणी उंबऱ्याकडे तर वळणार नाही ना? खालची पायरी आखूड आणि वरची उंच असे तर होणार नाही ना? पायऱ्यांची उंची सारखी नसली की पाय फसतो, आणि पडणारा माणूस शेवाळाला दोष देतो. म्हणून सर्व पायऱ्यांना सारखाच थर द्यावा, आणि खळे वर आले तर पायऱ्यांचा हिशेब त्याच्याशी जुळवावा. ढाळ घरापासून बाहेर असावा. दहा फुटांस दीड इंच उतार ठेवला तर पाणी थांबत नाही. माल टाकण्याच्या आदल्या दिवशीच दोरी बांधून हे पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, ती खालच्या जमिनीची तयारी. बद्द वाजणारा सगळा भाग काढून टाकावा, दया करू नये. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. इथे एक इशारा देते. ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो, आणि मोरीसारख्या कोंदट जागी तो जिवावर बेततो. तेलाचे डाग साबणाच्या पाण्याने काढावेत. डाग गेला की नाही हे पाहावयास पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब मुरला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर अजून तेल आहे. मग गुळगुळीत राहिलेल्या सगळ्या भागावर छिन्नीने जवळजवळ टोचे मारावेत. पाट्याला टाकी लावून घेतो तसेच हे समजा. गुळगुळीत पाट्यावर वाटण सरकते, टाकी लावलेला पाटा ते धरतो. टोचे मारताना तोंडाला फडके बांधावे व पाणी शिंपडीत राहावे, कारण ती धूळ छातीला वाईट.

हे झाले की जमीन रात्रभर भिजवावी. कोरडा कोबा नव्या मालातले पाणी शोषून घेतो आणि माल उपाशी राहतो. परंतु माल टाकण्याच्या वेळी वर पाणी साचलेलेही नको. पुसून घेतलेल्या ओल्या फरशीसारखी जमीन दिसली पाहिजे. त्यावर भज्याच्या पिठाइतके दाट सिमेंट पाण्यात कालवून कुंच्याने घासून लावावे, आणि ते ओले आहे तोवरच माल टाकावा. आधी सगळ्या खळ्याला लावून ठेवले आणि ते वाळले, तर चिकटविण्याऐवजी तेच मध्ये पडदा होऊन बसते.

चौथी गोष्ट, माल. साधा थर एक इंचाहून पातळ असू नये. एक इंचासाठी एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू. दीड इंच वा अधिक जाडीचा असेल तर बारीक खडी घालून एकास दोन आणि चार असे प्रमाण घेतात. उंचीमुळे अर्धा इंचच जागा असेल तर नुसता वाळूसिमेंटचा माल चालत नाही. त्यासाठी दुकानात दुधासारखे पांढरे पॉलिमरचे रसायन मिळते, ते डब्यावर लिहिलेल्या मापाने मालात घालावे लागते. शंभर चौरस फुटांस एक इंच थराला सुमारे सव्वादोन ते अडीच गोण्या सिमेंट लागते. एवढा हिशेब पाठ असला म्हणजे एक गोणी आणून काम उरकणारा माणूस आपणास फसवू शकत नाही. गोणीवर तयार झाल्याचा आठवडा छापलेला असतो, तो वाचावा. तीन महिन्यांहून जुने वा खडे झालेले सिमेंट घेऊ नये. खाडीची खारट वाळू वापरू नये, कारण मीठ सळईला गंजविते आणि कोब्यावर पांढरी बुरशीसारखी पूड आणते.

पाण्याचे सांगते. आपण भाकरीचे पीठ मळताना पाणी बेताने घालतो. गवंड्याला मात्र पातळ माल ओढावयास सोपा पडतो, म्हणून तो बादली उपडी करतो. जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते, मग माल भुसभुशीत होतो. एका गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवावा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करणे म्हणजे विटलेल्या ताकाला फोडणी देणे. माल उघड्या हाताने कालवू नये. सिमेंट कातडी खाते. रबरी मोजे घालावेत आणि डोळ्यांत गेले तर लगेच पुष्कळ पाण्याने धुवावे.

मोठे खळे एकसंध करू नये. चार-पाच फुटांचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या बसवाव्यात. जुन्या कोब्याला जिथे सांधा असेल तिथेच नव्यालाही ठेवावा, नाहीतर तो खालून वर उमटतोच. बाहेरच्या जागी कोरडे सिमेंट भुरभुरून घोटू देऊ नये. त्याने वरची कातडी नाजूक होते, तिला केसासारख्या चिरा जातात आणि पावसात पाय घसरतो. लाकडी थापीने सारखे करावे आणि माल जरा आवळला की मऊ केरसुणी एका अंगाने हलकेच ओढावी. चालणाऱ्याच्या पावलाला आडव्या अशा बारीक रेघा उमटतात, त्या पाय धरतात. पायरीच्या कडेला तर हे अवश्य करावे.

पाचवी आणि शेवटची गोष्ट म्हणजे आपल्याकडे राहिलेले काम, पाणी मारणे. पुष्कळांना वाटते सिमेंट वाळून घट्ट होते. तसे नाही. सिमेंट पाण्याशी एकजीव होऊन घट्ट होते, आणि ते काम कितीतरी दिवस चालू असते. मधेच वाळले की काम तिथेच थांबते. सरकारी मानक ४५६, जे २००० साली नव्याने निघाले, त्यात साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला निदान दहा दिवस ओल ठेवावी असे सांगितले आहे. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ गोण्या राख मिसळलेल्याच असतात. तेव्हा दहा दिवस धरून चालावे, चौदा ठेवले तर उत्तम. सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी उडविणे म्हणजे पाणी मारणे नव्हे, कारण दुपारी ते सुकते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट किंवा भाताचा पेंढा पसरून तो सतत ओला ठेवावा, अथवा मातीचे बारीक बांध घालून पाणी साचवून ठेवावे. तीन-चार दिवसांनी पायाने चालावे, स्कूटर दोन आठवडे तरी बाहेर ठेवावी, आणि मालाने भरलेली गाडी महिनाभर आत घेऊ नये.

म्हणूनच काळ निवडावा. चैत्र-वैशाखात ऊन आणि वारा माल ओढून घेतात, आणि त्याच दिवसांत आपल्या विहिरी तळ गाठतात. प्यावयास पाणी नाही तेथे कोब्याला कोण घालणार? पावसात तर प्रश्नच नाही. कार्तिक-मार्गशीर्षात हवा थंड, विहिरी भरलेल्या. आपल्या जुन्या बायका खळे दिवाळीच्या सुमारास करीत, त्यात शहाणपण होते.

आमच्याकडे दुसऱ्यांदा काम निघाले ते कार्तिकात, तुळशीचे लग्न झाल्यावर. हे म्हणाले, “गवंड्याला बायकांनी सांगितलेले चालेल का?” मी म्हटले, “पैसे घरातले जातात, पडतात घरातली माणसे, मग सांगणारे घरातले का नको?” गवंडी आले. आक्का तिथे उभ्या राहणार आहेत असे सांगितल्यावर प्रथम ते हसले. पहिल्या दिवशी टोचे कमी पडले ते आक्कांनी दाखविले, तेव्हा हसणे थांबले. तिसऱ्या दिवशी मालात पाणी किती घालू, हे त्यांनी आपणहून आक्कांना विचारले. बारा दिवस गोणपाट ओले ठेवण्याचे काम माझे होते, आणि का ठेवावयाचे हे ठाऊक असल्यामुळे ते ओझे वाटले नाही. त्या कामावर तीन पावसाळे गेले. वाजवून पाहिले तर अजून खणखणीत आवाज येतो. सासूबाई काठी टेकीत पायऱ्या उतरतात आणि तुळशीला पाणी घालतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. कामाच्या शेवटी मजुरी देताना यांनी आक्कांच्या हाती बिगाऱ्याचा रोज ठेवला. मी म्हटले, त्यांनी घमेले उचलले नाही, काम पाहिले आहे. त्यांना गवंड्याचा रोज द्यावयास हवा. तसा तो दिला. आक्कांनी पैसे दोनदा मोजले आणि म्हणाल्या, “वहिनी, चुकून जास्त आले.” पंचवीस वर्षे जिच्या ज्ञानाची किंमत कोणी केली नाही, तिला ती मिळाली तेव्हा चूक वाटली. भगिनींनो, याला काय म्हणावे?

तेव्हा मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. आपल्या सभागृहाच्या पायऱ्या आणि नळाजवळचा कोबा झिजला आहे. ते काम येत्या कार्तिकात काढावे, आणि त्यावर देखरेखीसाठी आक्कांना रोज देऊन बोलवावे. दुसरे, आपल्यातील ज्या मुली-सुनांना इच्छा असेल त्यांनी ते चार दिवस येऊन पाहावे आणि थापी हाती धरून पाहावी. शिवणकामाचा वर्ग आपण चालविला, पापड-लोणच्यांचा चालविला, तसाच हा एक. त्यातून कोणी गवंडी झाली तर आनंदच आहे. न झाली तरी तिच्या दारची पायरी ती वाजवून पाहील, आणि गवंड्याला दोन प्रश्न विचारील. तेवढेही पुष्कळ.

आक्का आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना पुढे बोलवावे अशी मी अध्यक्षबाईंना विनंती करते, आणि माझे बोलणे इथेच संपविते.